ड्युटी लिस्टचे गणित

सार्वजनिक रुग्णालयातील वॉर्ड चोवीस तास चालता ठेवण्याची जबाबदारी ज्या पदावर असते, त्याला महाराष्ट्र शासनाच्या सेवारचनेत परिसेविका असे नाव आहे; रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर मात्र तिला इन्चार्ज सिस्टर म्हणूनच ओळखतात. तिच्या हाताखाली अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स असतात, तिच्यावर सहाय्यक अधिसेविका आणि सर्वांत वर अधिसेविका, म्हणजे मेट्रन असते. अधिपरिचारिका रुग्णाची प्रत्यक्ष शुश्रूषा करते. परिसेविका आणि अधिसेविका त्या शुश्रूषेची व्यवस्था लावतात. कोणी कोणत्या पाळीत यायचे, औषधांची मागणी किती नोंदवायची, चादरी धुऊन आल्या की नाहीत, ऑक्सिजनचा सिलिंडर रात्र काढील की नाही, नवी मुलगी एकटीने लेबर रूम सांभाळू शकेल की नाही, हे सगळे निर्णय त्यांच्याकडे असतात. साधनसंपन्न रुग्णालयात हे व्यवस्थापनाचे काम ठरते. जिथे माणसे, औषधे आणि यंत्रे यांपैकी काही ना काही नेहमीच अपुरे असते, तिथे मात्र त्याला तूट वाटून देण्याच्या कामाचे रूप येते, आणि ही तूट कोणाच्या वाट्याला किती जावी हे ठरवणाऱ्या बाईला ती भरून काढण्याचा अधिकार जवळपास नसतो.

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न जवळून पाहता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजारांच्या आसपास होती आणि तीत शहरी लोकसंख्या सुमारे १७ टक्के होती. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी असे आठ तालुके, त्यांतील बहुतेक भाग पर्जन्यछायेत, मोठा उद्योग जवळपास नाही, आणि कळंब, भूम, वाशी या पट्ट्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, असे हे चित्र आहे. केंद्र शासनाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची योजना आणली, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि वाशीम यांच्याबरोबर या जिल्ह्याची निवड झाली. अशा जिल्ह्यात खासगी रुग्णालयांची संख्या वाढली तरी गंभीर अवस्थेतील गरोदर स्त्री, कमी वजनाचे अर्भक, विषप्राशनाचा रुग्ण आणि महामार्गावरचा अपघातग्रस्त हे शेवटी ‘सिव्हिल’मध्येच येतात. तिथून पुढे पाठवायचे झाले तर सोलापूर किंवा लातूर हे पर्याय असतात. दोन्ही शहरे साधारण तासा-दीड तासाच्या अंतरावर असल्याने प्रकृती त्या प्रवासाइतकी स्थिर होईपर्यंत रुग्ण वॉर्डातच सांभाळावा लागतो.

तूट नेमकी कशी तयार होते हे समजण्यासाठी ड्युटी लिस्ट पाहावी लागते. दर महिन्याच्या अखेरीस परिसेविका एका आडव्या तक्त्यावर डावीकडे नावे आणि वर तारखा लिहून प्रत्येक चौकोनात सकाळ, दुपार, रात्र, साप्ताहिक सुट्टी किंवा रजा यांची अक्षरे भरते. सामान्यतः सकाळची पाळी दुपारी दोनपर्यंत, दुपारची रात्री आठपर्यंत आणि रात्रीची दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत असते, म्हणजे रात्रीची पाळी एकटी बारा तासांची. वर्षाच्या ३६५ दिवसांत अशा १,०९५ पाळ्या होतात. एका परिचारिकेच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ८ किरकोळ रजा आणि ३० अर्जित रजा वजा केल्या तर २७५ दिवस उरतात. याचा अर्थ असा की वॉर्डात कोणत्याही क्षणी केवळ एक परिचारिका हजर असावी एवढीच अपेक्षा धरली तरी यादीत चार नावे लागतात. रात्रपाळीनंतरची विश्रांती, आजारपण, १८० दिवसांची प्रसूती रजा आणि राज्य शासनाने २०१८ मध्ये लागू केलेली तितक्याच दिवसांची बालसंगोपन रजा या गणितात अजून धरलेल्या नाहीत. स्त्रियांची संख्या मोठी असलेल्या सेवेत या शेवटच्या दोन रजा अपवादात्मक नसतात. त्या हक्काच्या आहेत, त्या घेतल्या जाणारच, आणि पदे मंजूर करतानाच त्यांचा हिशेब व्हायला हवा.

भारतीय परिचर्या परिषदेने हा हिशेब आपल्या निकषांत बऱ्याच अंशी केलेला आहे. वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका, इतर सर्वसाधारण रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, आणि या संख्येवर रजेच्या बदलीसाठी ३० टक्के जादा पदे, असे त्यांचे स्वरूप आहे. हे प्रमाण तिन्ही पाळ्या मिळून आहे. तीनास एक याचा अर्थ प्रत्येक पाळीत साधारण नऊ खाटांमागे एक परिचारिका असा होतो, ही गोष्ट निकष वाचताना अनेकदा निसटते आणि निकष उगाच उदार वाटू लागतात. तीस खाटांच्या वॉर्डाला पाचास एक या हिशेबाने सहा आणि जादा दोन अशा आठ परिचारिका लागतात. आठ नावे असली तर एका पाळीत सरासरी दोन परिचारिका मिळतात. त्यांतील एक प्रसूती रजेवर आणि एक प्रतिनियुक्तीवर, म्हणजे मूळ जागेवर पगार चालू ठेवून दुसरीकडे कामाला पाठवलेली असेल, तर सरासरी दीडवर येते. माणसाचे अर्धे होत नाहीत, त्यामुळे परिसेविका सकाळी, जेव्हा डॉक्टरांचा राउंड, रक्ताचे नमुने, इंजेक्शने आणि ड्रेसिंग एकाच वेळी असते, तेव्हा दोन-तीन जणी ठेवते आणि रात्री एकटीला ठेवते. खाटा तीस असल्या तरी रुग्ण तीसच असतील असे नाही. डेंग्यूच्या किंवा अतिसाराच्या दिवसांत दोन खाटांच्या मधल्या जागेत गाद्या टाकल्या जातात, आणि त्या गाद्या कोणत्याही मंजूर आकड्यात नसतात.

या पार्श्वभूमीवर धाराशिवमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होणे ही घटना परिचर्येच्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. २०२२-२३ च्या शैक्षणिक वर्षापासून तिथे १०० विद्यार्थ्यांच्या प्रवेशाने वैद्यकीय शिक्षण सुरू झाले आणि जिल्हा रुग्णालय त्याचे अध्यापन रुग्णालय बनले. जिल्ह्याला तज्ज्ञ डॉक्टर मिळण्याची शक्यता यामुळे वाढली, याचे स्वागतच करायला हवे. परंतु वर सांगितलेल्या निकषाप्रमाणे तोच तीस खाटांचा वॉर्ड पाचास एकच्या हिशेबातून तीनास एकच्या हिशेबात जातो, म्हणजे आठच्या जागी तेरा परिचारिका आवश्यक ठरतात. असा बदल कुठेही झाला तरी प्राध्यापकांची पदे आधी भरली जातात, कारण त्यांच्याशिवाय महाविद्यालयाला मान्यता मिळत नाही. परिचारिकांचा आकृतिबंध, म्हणजे कोणत्या कामासाठी किती पदे याचा मंजूर आराखडा, मागाहून येतो आणि प्रत्यक्ष भरती त्याच्याही मागाहून. शिवाय सार्वजनिक आरोग्य विभागाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे जाताना सेवाज्येष्ठता, बदल्या आणि रजामंजुरी यांचे दोन मार्ग काही काळ एकाच इमारतीत चालू राहतात. जिल्हा शल्यचिकित्सक आणि अधिष्ठाता हे दोन वेगळ्या विभागांचे अधिकारी. अधिसेविकेला आपल्या यादीतील प्रत्येक नाव कोणाच्या आस्थापनेवर आहे हे लक्षात ठेवूनच रजेचा अर्ज पुढे पाठवावा लागतो.

एकाच वॉर्डात नियमित, बंधपत्रित आणि कंत्राटी अशा तीन प्रकारच्या परिचारिका असणे हे महाराष्ट्रातील सार्वजनिक रुग्णालयांचे आता जुने वैशिष्ट्य झाले आहे. नियमित म्हणजे स्थायी पदावरील. बंधपत्रित म्हणजे शासकीय परिचर्या संस्थेत शिकताना दिलेल्या हमीनुसार ठरावीक काळ सेवा करणाऱ्या. आणि कंत्राटी म्हणजे मुख्यतः २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून, आजच्या राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर आलेल्या. नवजात शिशूंचा अतिदक्षता कक्ष हा विभाग बहुतांशी या तिसऱ्या गटावर चालतो. त्यातून परिसेविकेपुढे एक विचित्र अडचण उभी राहते. सर्वांत नाजूक रुग्णांजवळ सर्वांत अनुभवी हात असावेत हा परिचर्येचा साधा नियम. पण ज्या मुलीने दोन वर्षे वॉर्मर, फोटोथेरपी आणि नळीने दूध देणे शिकून घेतले ती दुसरीकडे कायम नोकरी मिळताच जाते, आणि शिकवण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. वेतनातील अंतर सर्वांना माहीत असते. तेच काम निम्म्याहून कमी पगारात करणाऱ्या मुलीला सणाच्या रात्री ड्युटी लावताना परिसेविकेचा आवाज आपोआप खाली येतो. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिकांनी बाह्यस्रोतांमार्फत, म्हणजे खासगी कंपन्यांकडून, पदे भरण्याच्या विरोधात बेमुदत संप केला, तेव्हा त्यांचा आक्षेप केवळ नोकरीच्या शाश्वतीपुरता नव्हता. वारंवार बदलणाऱ्या माणसांवर वॉर्ड चालत नाही, हा व्यवस्थापनाचाही मुद्दा त्यात होता, जरी वृत्तपत्रांत तो फारसा दिसला नाही.

कागदोपत्री परिसेविकेचे पद असले तरी अनेक वॉर्डांत त्या पदावर प्रत्यक्ष परिसेविका नसते. पदोन्नतीच्या प्रक्रियेला विलंब होतो, किंवा पदोन्नतीबरोबर जिल्ह्याबाहेरची बदली येणार म्हणून, मुलांची शाळा आणि सासू-सासऱ्यांची दुखणी सोडून जाणे शक्य नसलेली ज्येष्ठ अधिपरिचारिका ती नाकारते. मग वॉर्डातील सर्वांत जुन्या सिस्टरकडे ‘चार्ज’ दिला जातो. तिचे वेतन तेच राहते, पाळीत तिचे नाव कामासाठीही मोजले जाते आणि देखरेखीसाठीही, आणि कालपर्यंत बरोबरीने डबा खाणाऱ्या मैत्रिणींना आज तिने उशिरा येण्याबद्दल विचारायचे असते. जनरल नर्सिंगच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात वॉर्ड व्यवस्थापनाचा भाग शेवटच्या वर्षी असतो. पण विशीत परीक्षेसाठी वाचलेला तो विषय चाळिशीनंतर अचानक उपयोगात आणायचा, मधल्या काळात कसलेही प्रशिक्षण नाही, ही अपेक्षा कोणत्याही दुसऱ्या सेवेत हास्यास्पद ठरली असती.

माणसांनंतर वस्तू. वॉर्डातील प्रत्येक टिकाऊ वस्तूची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये असते: खाटा, लॉकर, सलाईन स्टँड, बीपी ॲपरेटस, सक्शन मशीन, किडनी ट्रे, आर्टरी फोर्सेप. चार्ज घेताना ही प्रत्येक वस्तू मोजून घ्यायची आणि देताना मोजून द्यायची. कमी भरल्यास खुलासा, प्रसंगी वसुली, आणि निवृत्तीच्या वेळी ना-देय प्रमाणपत्र अडण्याची टांगती तलवार. मोडलेली वस्तू टाकूनही देता येत नाही, कारण तिचे निर्लेखन, म्हणजे समितीने ती निरुपयोगी ठरवून नोंदवहीतून कमी करण्याची प्रक्रिया, पूर्ण व्हावी लागते, आणि ती होईपर्यंत गंजलेल्या खाटा आणि फाटलेल्या गाद्या एखादी खोली अडवून बसतात. सरकारी वॉर्डातील कपाटांना कुलूप का असते, आणि नव्या चादरी वॉर्डात असूनही रुग्णाच्या अंगाखाली का नसतात, याचे उत्तर सिस्टरच्या स्वभावात शोधले जाते. ते या रजिस्टरमध्ये आहे. एका सहीने शेकडो वस्तूंची वैयक्तिक हमी घेतलेली व्यक्ती नवी वस्तू वापरात आणण्यापेक्षा जपून ठेवणार, हे नियम करणाऱ्यांच्या लक्षात यायला हवे होते.

औषधांचे वेगळे आहे, कारण तिथे जपून ठेवायलाच पुरेसे नसते. राज्याची औषधखरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे गेली, त्या व्यवस्थेतील विलंबावर बरीच टीका झाल्यावर २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. दरम्यान वॉर्डाची मागणी, ज्याला सगळे इंडेंट म्हणतात, तशीच रोज लिहिली जात राहिली. इंडेंटवर शंभर मागितले की स्टोअरमधून चाळीस येतात, म्हणून पुढच्या वेळी दोनशे मागितले जातात, आणि खरी गरज किती हे कोणत्याच कागदावर राहत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा येथील उपजिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचणाऱ्या गरीब माणसाला त्याचा आधार झाला. फक्त ‘सगळे फुकट आहे’ असे ऐकून आलेल्या नातेवाइकाला ‘हे इंजेक्शन बाहेरून आणावे लागेल’ हे वाक्य सांगण्याची वेळ सिस्टरवर येते. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसेविरुद्धच्या २०१० च्या राज्य कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रात्री अडीच वाजता एकटी असलेल्या परिचारिकेला त्याचा तत्काळ उपयोग नसतो. तिला दारावर एक जागा पहारेकरी हवा असतो.

धाराशिवची काही ओझी खास तिथलीच आहेत. शारदीय नवरात्रात आणि त्यानंतरच्या पौर्णिमेला तुळजाभवानीच्या दर्शनाला लाखो लोक, त्यांतले अनेक सोलापूरकडून आणि कर्नाटकातून पायी येतात. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा असते. या दिवसांत प्रथमोपचार केंद्रांसाठी मनुष्यबळ आधीच तोकड्या असलेल्या वॉर्डांतून काढावे लागते, आणि रजा बंद करण्याचे पत्र घरच्या घटस्थापनेच्या तोंडावर हाती पडते. सोलापूर-धुळे आणि पुणे-हैदराबाद हे दोन राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्यातून जातात, त्यामुळे एका अपघातातील अनेक जखमी एकदम दाखल होण्याची तयारी बारमाही ठेवावी लागते. दुष्काळाच्या वर्षांत पाण्याचा प्रश्न थेट निर्जंतुकीकरणापर्यंत पोहोचतो: ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, पाणी लागते, लेबर रूमची फरशी आणि रक्ताने भरलेले कपडे धुवायला पाणी लागते, आणि टँकर उशिरा आला तर कोणती शस्त्रक्रिया पुढे ढकलायची हा प्रश्न डॉक्टरांच्या आधी थिएटर सिस्टरला पडतो.

याच जिल्ह्यात लोहारा तालुक्यातील सास्तूर हे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या गावांपैकी एक. तिथे भूकंपानंतर उभे राहिलेले ‘स्पर्श’ ग्रामीण रुग्णालय शासन आणि स्वयंसेवी संस्था यांच्या भागीदारीत चालते, आणि शासकीय रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या कायाकल्प योजनेत त्याचे नाव झाले आहे. त्याच जमिनीवर, त्याच दुष्काळी हवामानात हे घडते, एवढे लक्षात घेतले तर सरकारी वॉर्डांची अवस्था ही जिल्ह्याच्या मागासपणाची अपरिहार्य फलश्रुती आहे, असे म्हणता येत नाही. मात्र कायाकल्प, राष्ट्रीय गुणवत्ता मानके आणि प्रसूतिगृहांसाठीचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम यांची दुसरी बाजूही आहे. प्रत्येकाची तपासणी सूची वेगळी, रजिस्टरे वेगळी. तपासणी पथक येण्याआधीच्या आठवड्यात परिचारिकांचे हात रुग्णापेक्षा नोंदवह्यांवर अधिक असतात. गुणवत्ता मोजण्याचा खर्च गुणवत्तेतूनच वजा होतो.

अपुऱ्या व्यवस्थेत जेव्हा दुर्घटना घडते, तेव्हा जबाबदारी कोणाकडे जाते हे महाराष्ट्राने लागोपाठ पाहिले. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा अर्भके दगावली. कारवाई झालेल्यांत डॉक्टरांबरोबर परिचारिकाही होत्या. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला धाराशिवला लागून असलेल्या नगर जिल्ह्याच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागातील आगीत अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले, आणि अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्यासह तीन परिचारिकांना. सरकारी इमारतीतील वायरिंग सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे असते आणि अग्निशमन यंत्रणेचा निधी प्रशासकीय मंजुरीवर अवलंबून असतो. यांपैकी एकाही कागदावर परिचारिकेची सही चालत नाही. कर्तव्यात कसूर झाली असेल तर तिची चौकशी व्हावी यात वाद नाही. परंतु या दोन घटनांनंतर जिल्ह्या-जिल्ह्यांतील परिसेविकांनी ‘स्विच बोर्ड गरम होतो’ किंवा ‘ऑक्सिजनचा फ्लोमीटर नादुरुस्त’ अशी पत्रे पोचपावती घेऊन आपल्याजवळ ठेवायला सुरुवात केली असेल, तर त्यामागचे शहाणपण समजण्यासारखे आहे. ते रुग्णाला वाचवत नाही, पत्र लिहिणारीला वाचवते.

परिचारिकांची संख्या आणि मृत्यू यांचा संबंध अंदाजाचा राहिलेला नाही. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांतील शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला; त्यात प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्येच हे प्रमाण कायद्याने बांधण्याचे ठरवले आणि २००४ पासून ते अमलात आले. भारतात परिचर्या परिषदेचे निकष शिफारशीच्या स्वरूपात राहिले. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायद्याने जुन्या परिषदेची जागा घेणारी रचना आणली, पण वॉर्डात किती परिचारिका असाव्यात हा आकडा त्यातही बंधनकारक झाला नाही. अर्थात कॅलिफोर्नियाचा नियम धाराशिवला जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण तिथले रुग्णालय ‘परिचारिका नाही’ म्हणून खाट रिकामी ठेवू शकते, आणि इथले सिव्हिल आलेल्या रुग्णाला परत पाठवू शकत नाही, पाठवूही नये. म्हणून पदे मंजूर खाटांवर नव्हे, तर प्रत्यक्ष दाखल रुग्णांच्या सरासरीवर ठरवणे हाच इथल्या परिस्थितीला लागू पडणारा मार्ग दिसतो.

त्यासाठी नवी पाहणी करण्याचीही गरज नाही. प्रत्येक वॉर्डातील रात्रपाळीची परिचारिका मध्यरात्री बाराला दाखल, घरी सोडलेले, पुढे पाठवलेले आणि मृत अशा रुग्णांची मोजणी करून उरलेला आकडा लिहिते. रुग्णालयाच्या भाषेत हा मिडनाइट सेन्सस. गादीवरचे रुग्णही त्यात मोजलेले असतात. सकाळी तो अधिसेविकेच्या कार्यालयात जमा होतो, तिथून पुढे प्रशासनाकडे जातो, आणि त्यावरून स्वयंपाकघराला जेवणाची संख्या कळवली जाते आणि महिन्याच्या अहवालात खाटांच्या वापराची टक्केवारी काढली जाते. टक्केवारी शंभराच्या वर गेली की ते रुग्णालय चांगले चालत असल्याचे लक्षण मानले जाते.